खेळांतली बंदूक

गेल्या चैत्रांत आम्ही उभयतां जपानांत पुतण्याकडे महिनाभर राहून आलों. पुण्याहून निघतांना अकरा वर्षांच्या नातवानें मजकडून एक वचन घेतलें होतें. "आजोबा, तिकडून माझ्यासाठीं एअरसॉफ्टची शॉटगन आणायची." वस्तु काय आहे हें न पाहतां वचन देण्याचा प्रमाद आजोबांकडूनच घडतो, हें वाचकांस सांगावयास नकोच. सुदैवानें पुतण्याच्या कपाटांत तीच वस्तु निघाली; तेव्हां विकत घेण्यापूर्वीं ती हाताळून पाहण्याची संधि आयतीच मिळाली.

पुतण्या राहतो तोक्योच्या निशि-कासाई भागांत. एका रविवारीं दुपारीं त्यानें एक लांबट खोका आणून बैठकींत ठेवला. इटलींतील स्पास-१२ या बंदुकीची तोक्यो मारुई कंपनीनें बनविलेली ती प्रतिकृति होती. १९९३ सालच्या 'जुरासिक पार्क' चित्रपटांत शिकार्‍याच्या हातीं दिसते तीच ही बंदूक. नातवाच्या हट्टाचें मूळ मला तेथें उमगलें. ती खोक्यांतून बाहेर येतांच आमच्या वहिनी हातांतल्या जपमाळेसह दोन पावलें मागें सरल्या.

"अग आई, खोटी आहे ती," पुतण्या म्हणाला.

"असेल खोटी, पण दिसते खरी," एवढेंच बोलून त्या आंत गेल्या. प्रथमदर्शनाचा याहून नेमका अभिप्राय मला देतां आला नसता.

हातीं घेतल्यावर मात्र तिचें खेळणेंपण कळतें. अंगाचा पुष्कळसा भाग प्लास्टिकचा. पुष्कळ एअरसॉफ्ट बंदुका विजेच्या घटावर किंवा कोंडलेल्या वायूवर चालतात. हिला त्यांपैकीं कांहींच लागत नाहीं. नळीखालचा सरकता मुठा मागें ओढला, कीं आंतील स्प्रिंग दाबली जाऊन अडकून बसते. मुठा पुढें ढकलला, कीं छर्रे नळींत जाऊन बसतात. चाप ओढतांच स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढें धांवतो आणि त्याच्यापुढील कोंडलेली हवा छर्‍यांना बाहेर फेंकते. लहानपणीं आपण बोरूची पिचकारी करीत असूं, तिचेंच हें सुधारलेलें रूप. प्रत्येक वेळीं मुठा नव्यानें ओढावा लागतो, आणि तो ओढणें माझ्या म्हातार्‍या दंडांना सोपें गेलें नाहीं.

हिचें वैशिष्ट्य असें, कीं आंत नळ्या तीन आहेत व एका चापासरशीं तीन छर्रे सुटतात. काडतुसाच्या आकाराच्या डबींत तीस छर्रे मावतात. म्हणजे दहा बार झाले. आम्ही डोळ्यांवर जाड चष्मे चढविले, खोक्यांत जुनीं धोतरें कोंबून त्यावर वर्तमानपत्र ताणलें आणि सहा पावलांवरून बार काढला. 'खट्' असा कोरडा आवाज झाला, आणि कागदावर वीतभर अंतराच्या आंत तीन छिद्रें पडलीं. नळींत वरच्या अंगाला रबराचा एक उंचवटा असतो. त्याला घासून जातांना छर्रा उलटा फिरूं लागतो व त्यामुळें हवेंत अधिक वेळ तरंगतो. टेनिसचा चेंडू खालून कापला असतां जसा तरंगत जातो, तसाच हा प्रकार. मला ही योजना फारच आवडली.

परंतु छर्रा लहान म्हणून निरुपद्रवी नव्हे. २००६ सालीं जपाननें कायदा करून सहा मिलिमीटरच्या छर्‍यास सुमारें ०.९८ ज्यूल शक्तीची मर्यादा घातली. हिशेब करून पाहिला, तर एक पंचमांश ग्रॅमचा छर्रा या मर्यादेंत राहूनहि सेकंदास जवळजवळ नव्याण्णव मीटर वेगानें जाऊं शकतो. कातडीवर वळ उठेल. डोळा मात्र जाईल. म्हणूनच खोक्यावर 'अठरा वर्षांवरील' असें छापलेलें होतें.

पुतण्या मित्रांसह शहराबाहेर मैदानावर हा खेळ खेळतो. मीं विचारलें, "अरे, छर्रा लागला कीं नाहीं, हें ठरवितो कोण?" तो म्हणाला, "काका, ज्याला लागला तोच. अंगावर रंग उमटत नाहीं, खूण राहत नाहीं. ज्याला लागला त्यानें 'हिट' म्हणून हात वर करायचा आणि मैदान सोडायचें. कोणी लपविलें, तर खेळच उरत नाहीं." बंदुकीपेक्षां हा नियम मला मोलाचा वाटला.

आतां प्रश्न वचनाचा. पुण्यांत खोक्यावरचा आंकडा कोण वाचणार, असा लबाड विचार मनांत येऊन गेला, हें कबूल करतों. परंतु वहिनींचें वाक्य विसरवेना. २०१४ च्या नोव्हेंबरांत अमेरिकेंतील क्लीव्हलंड शहरीं बारा वर्षांचा एक मुलगा बागेंत असेंच एअरसॉफ्टचें पिस्तूल घेऊन खेळत होता. तेथें अशा वस्तूच्या टोकाला नारिंगी खूण असते. त्या पिस्तुलाची ती निघालेली होती. पोलीस आले आणि दोनच सेकंदांत त्यांनीं गोळी झाडली. दुसर्‍या दिवशीं तें मूल गेलें. खोटी वस्तु खरी दिसली, एवढेंच निमित्त. मोठ्यांनीं कुंपणाच्या आंत, डोळे झांकून खेळावें अशी ही वस्तु आहे. मुलानें गल्लींत मिरवावी अशी खास नव्हे.

रिकाम्या हातांनीं परत आलों. नातू दोन दिवस बोलला नाहीं. तिसर्‍या दिवशीं त्याला जवळ बसवून सारी हकीकत सांगितली, हात वर केला आणि म्हटलें, "हिट! न पाहतां वचन दिलें, ही चूक माझी." तो हंसला आणि म्हणाला, "मग आजोबा, आतां तुम्ही मैदानाबाहेर!"

त्याचा निकाल मला मान्य आहे.