विश्लेषण : जामीन मिळूनही सुटका का नाही? अमेरिकेतील ‘इमिग्रेशन डिटेनर’ काय असतो?

अमेरिकेत एखाद्या स्थलांतरिताला मद्यपान करून गाडी चालवल्याबद्दल अटक होते. न्यायालय जामीन मंजूर करते, नातेवाईक रक्कम भरतात, तरीही तुरुंगाचे दार उघडत नाही. कारण तोवर तुरुंगाकडे ‘इमिग्रेशन अँड कस्टम्स एन्फोर्समेंट’ अर्थात ‘आइस’ या केंद्रीय यंत्रणेचा ‘डिटेनर’ आलेला असतो. टेक्सास, कॅलिफोर्निया, इलिनॉय येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनीही तो समजून घ्यायला हवा.

डिटेनर म्हणजे काय?

अटकेनंतर घेतलेले बोटांचे ठसे एफबीआयमार्फत अमेरिकेच्या गृह सुरक्षा विभागापर्यंत जातात. संबंधित व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येईल असे ‘आइस’ला वाटल्यास ती स्थानिक तुरुंगाला ‘आय-२४७ए’ हा नमुना धाडते. सुटकेची आगाऊ सूचना द्या आणि सुटकेच्या वेळेनंतर ४८ तासांपर्यंत ताबा सोडू नका, अशी विनंती त्यात असते. हे ४८ तास अटकेपासून नव्हे, तर एरवी सुटका झाली असती त्या क्षणापासून मोजले जातात. सोबत वॉरंट असते. पण त्यावर न्यायाधीशाची नव्हे, ‘आइस’च्या अधिकाऱ्याची सही असते. वादाचे मूळ इथेच आहे.

तुरुंगावर तो बंधनकारक आहे का?

केंद्रीय कायद्यानुसार नाही. पेनसिल्व्हेनियातील लीहाय काउंटीच्या तुरुंगाने अमेरिकेतच जन्मलेल्या एका नागरिकाला जामिनानंतरही डिटेनरमुळे डांबून ठेवले होते. त्या प्रकरणात २०१४ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने डिटेनर हा आदेश नसून विनंती असल्याचे स्पष्ट केले. त्याच वर्षी ओरेगॉनमधील न्यायालयाने पुरेशा कारणाविना असे अडकवणे घटनेच्या चौथ्या दुरुस्तीचे उल्लंघन ठरवले.

मात्र, राज्यांचे कायदे वेगवेगळे आहेत. टेक्सासने २०१७ मध्ये आणि फ्लोरिडाने २०१९ मध्ये डिटेनर पाळणे स्थानिक यंत्रणांना सक्तीचे केले. कॅलिफोर्निया आणि इलिनॉयने उलट अशा सहकार्यावर मर्यादा घातल्या. त्यामुळे ह्यूस्टनमध्ये ज्या कागदावर माणूस अडकतो, त्याच कागदावर शिकागोत तो घरी जाऊ शकतो.

कोठडीत कोणते हक्क असतात?

जन्म कुठे झाला, देशात कसे आलात, अशा प्रश्नांवर मौन बाळगता येते. खोटी माहिती देणे मात्र अंगाशी येऊ शकते. डिटेनरची प्रत संबंधित व्यक्तीला देणे आवश्यक आहे. फौजदारी खटल्यात ऐपत नसलेल्या आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळतो. इमिग्रेशन खटल्यात तो स्वखर्चाने करावा लागतो. न समजलेल्या कागदावर सही करण्याची सक्ती नसते. स्वेच्छेने देश सोडण्याच्या कागदावर सही झाल्यास न्यायाधीशापुढे बाजू मांडण्याची संधी हातची जाऊ शकते.

१९६३च्या व्हिएन्ना करारानुसार भारतीय वकिलातीला कळवण्याची मागणीही करता येते. काही देशांच्या बाबतीत अमेरिका स्वतःहून वकिलातीला कळवते. भारत त्या यादीत नाही. म्हणून ही मागणी तोंडाने करावीच लागते.

जामीन भरण्याची घाई का नको?

जामीन भरताच ४८ तासांचे घड्याळ सुरू होते. ‘आइस’ने ताबा घेतला, की मूळ खटल्याची तारीख चुकू शकते आणि जामिनाची रक्कमही धोक्यात येते. म्हणून आधी इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घेणे हिताचे. गुन्हा कबूल करतानाही हेच लागू होते. किरकोळ वाटणारी कबुली ग्रीन कार्डधारकालाही महागात पडू शकते. तिचे इमिग्रेशनवरील परिणाम सांगणे हे बचाव वकिलाचे कर्तव्य असल्याचा निर्वाळा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये पॅडिला खटल्यात दिला आहे.

४८ तास उलटल्यावर काय?

या मुदतीत ‘आइस’ आली नाही, तर केवळ डिटेनरच्या आधारे त्या व्यक्तीला पुढे अडकवता येत नाही. कुटुंबाने वा वकिलाने मुदत संपल्याची वेळ नोंदवून तुरुंगाकडे लेखी सुटका मागावी. स्थलांतराचे कायदे राबवण्याचा अधिकार अमेरिकेला आहेच. पण न्यायाधीशाच्या सहीविना कोणाचे स्वातंत्र्य किती काळ रोखायचे, याची मर्यादा सरकारी यंत्रणांनीही पाळायला हवी.