वादळाचा अंदाज राज्याच्या सीमेवर का थांबतो?

ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस ‘मोंथा’ नावाचे चक्रीवादळ बंगालच्या उपसागरातून आले आणि २८ तारखेच्या रात्री काकीनाड्याच्या दक्षिणेला आंध्रच्या किनाऱ्यावर धडकले. टीव्हीवर उसळलेला समुद्र दिसला, आडवी झालेली झाडे दिसली. आपल्याकडे अनेकांनी ते दूरच्या मुलखाचे संकट म्हणून पाहिले आणि चॅनल बदलले. किनारा ओलांडल्यावर वादळाचा जोर ओसरला व त्याचे नाव बातम्यांतून गेले. परंतु त्याने आणलेला ओलावा किनाऱ्यावर थांबला नाही. तो तेलंगण व दक्षिण छत्तीसगडवरून विदर्भाच्या दिशेने सरकला. त्या दिवसांत आपल्या शेतात काय असते हे सांगायला नको. कपाशीची बोंडे फुटलेली असतात, सोयाबीनच्या गंज्या लागलेल्या असतात आणि आंबिया बहाराची संत्री झाडावर असतात.

पांढुर्णा-सौंसरला समुद्र नाही. तरीही आपले वर्षाचे उत्पन्न पुष्कळसे समुद्रावरच ठरते. दर पावसाळ्यात देशावर डझनभर कमी दाबाची क्षेत्रे तयार होतात. त्यांतील बरीचशी बंगालच्या उपसागरात जन्मतात आणि ओडिशा, छत्तीसगड या मार्गाने वायव्येकडे मध्य प्रदेशात शिरतात. अशा क्षेत्राचे केंद्र जिथे असते तिथेच सर्वांत जास्त पाऊस पडतो असा आपला समज आहे. हवामानशास्त्र वेगळे सांगते. पावसाळ्यातील कमी दाबाच्या क्षेत्रात सर्वांत जोराचा पाऊस बहुधा केंद्राच्या नैऋत्य बाजूला पडतो. म्हणजे केंद्र जबलपूर-मंडल्याकडे असले, तरी झड आपल्याकडे लागू शकते.

अरबी समुद्रही आपल्याला सोडत नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्याला लागले आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा उरलेला भाग पश्चिम विदर्भापर्यंत पोचला होता. तेथून तो मध्य प्रदेशात आला. कोकण ते सातपुडा हे अंतर त्याला फार वाटले नाही.

नाव नसलेले संकट

वादळांना नावे देण्याची पद्धत आपल्या समुद्रांत २००४ पासून सुरू झाली. २०२० मध्ये तेरा देशांनी मिळून १६९ नावांची नवी यादी केली. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरला पोचला की त्या प्रणालीला चक्रीवादळ म्हणतात आणि मग नाव मिळते. त्याच्या खालचा ५१ ते ६१ चा ‘अतितीव्र कमी दाब’, ३१ ते ५० चा ‘तीव्र कमी दाब’ आणि त्याहून सौम्य असे साधे ‘कमी दाबाचे क्षेत्र’ यांना नाव नसते. नाव नाही म्हणून मोठी बातमीही नसते. ही वर्गवारी वाऱ्यावर केलेली आहे, पावसावर नाही. किनाऱ्यावरच्या माणसाला वारा मारतो. आपल्याला पाऊस मारतो. आपले नुकसान बहुधा बिननावाच्या प्रणालीच करून जातात.

अंदाज येत नाही, असेही नाही. दिल्लीचे केंद्र बंगालचा उपसागर व अरबी समुद्र या दोन्हींसाठी रोज उष्णकटिबंधीय हवामानाचे पत्रक काढते. पुढील सात दिवसांत तीव्र कमी दाबाचे क्षेत्र तयार होण्याची शक्यता किती, हे त्यात दिवसागणिक दिलेले असते. १ ते ३३ टक्के म्हणजे कमी, ३४ ते ६७ मध्यम आणि ६८ च्या वर अधिक. दर गुरुवारी दोन आठवड्यांचा अंदाजही निघतो. बँकेत आकड्यांशी रोजचा संबंध असल्यामुळे मला हे पत्रक वाचायला सोपे वाटते. ज्याला जोखमीचा आकडा आठवडाभर आधी कळतो, त्याला फवारणी पुढे ढकलता येते, वेचलेला कापूस घरात आणता येतो, कापलेले सोयाबीन झाकता येते आणि संत्र्याचा सौदा लवकर उरकता येतो. पाऊस पडून गेल्यावर गळालेल्या फळाला भाव नसतो आणि झाडावरच्या फळाचा भाव व्यापारी पाडून मागतो.

अंदाज माणसापर्यंत पोचला की काय होते, याचे उदाहरण ओडिशाचे आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे गेली. २०१३ मध्ये ‘फायलिन’ आले तेव्हा लाखो लोकांना आधीच हलविले गेले आणि मृतांचा आकडा काही दहांवर राहिला. समुद्र तोच आणि किनाराही तोच होता. सूचना गावाच्या शेवटच्या घरापर्यंत गेली, हा फरक होता.

सीमेचा प्रश्न

आता आपल्याकडे पाहू. हवामान खात्याच्या उपविभागांत आपला भाग पूर्व मध्य प्रदेशात मोडतो. म्हणजे पांढुर्णा आणि सौंसर हे रिवा, शहडोल आणि सिंगरौलीच्या पंक्तीत. सीमेपलीकडे काही कोसांवर असलेले नरखेड, काटोल आणि वरूड मात्र विदर्भात. माती तीच, पीक तेच आणि बागेवरचा ढगही तोच. फक्त अंदाजाचे पत्रक वेगळे. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, त्यामुळे जिल्ह्याच्या इशाऱ्यात आपले नाव येऊ लागले, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु जिल्ह्याच्या नावापुढे एक रंग दिला की शेतकऱ्याचे काम भागत नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. कशाची तयारी करा, हे बागवाल्याला त्या रंगातून कळत नाही.

यात विसंगती अशी की, विदर्भ, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड या तिन्हींचे प्रादेशिक हवामान केंद्र नागपूरलाच आहे. नागपूरच्या डॉपलर रडारच्या टप्प्यात आपला संपूर्ण जिल्हा येतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्ये बदलली. भोसल्यांच्या काळापासून येथे राहणाऱ्या आपल्या घरांची बाजारपेठ, सोयरीक आणि दवाखाना नागपूरकडेच राहिला, पण कागद भोपाळकडे वळले. हवामानाच्या बाबतीत तर एकाच प्रादेशिक केंद्राच्या अखत्यारीत दोन पत्रके काढली जातात. ती जोडायला कायदा बदलावा लागत नाही.

काही बंधू म्हणतील, भोपाळचा अंदाज हिंदीत येतो, हिंदी आपल्याला कळते, मग तक्रार कशाची? तक्रार भाषेपुरती नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना व बागेत राबणाऱ्यांना मराठीत सांगितले तर बरेच, पण खरा मुद्दा मजकुराचा आहे. गहू-हरभऱ्याच्या मुलखासाठी लिहिलेला सल्ला संत्रा आणि कपाशीच्या पट्ट्याला पुरत नाही. तो सल्ला नरखेड-वरूडच्या शेतकऱ्यासाठी लिहिला जातो तेव्हा तो आपल्यालाही लागू असतो. आपल्यापर्यंत तो रीतसर येत नाही, एवढेच.

पाणीही सीमा मानत नाही

३० जुलै १९९१ ची मोवाडची रात्र आणि पहाट आपल्या अनेक घरांत अजून बोलली जाते. वर्धा नदीच्या पुराने नरखेड तालुक्यातील त्या गावात २०४ जीव घेतले. वर्धा उगम पावते ती मुलताई तहसिलीत, म्हणजे मध्य प्रदेशात. वरचा पाऊस एका राज्यात, खालचे गाव दुसऱ्या राज्यात.

एकोणतीस वर्षांनी, ऑगस्ट २०२० च्या शेवटच्या आठवड्यात, बंगालच्या उपसागरातून आलेल्या कमी दाबाच्या क्षेत्राने छिंदवाडा जिल्ह्यात अतिवृष्टी केली. ते पाणी पेंच आणि कन्हानमधून नागपूर जिल्ह्यात उतरले, पुढे वैनगंगेला मोठा पूर आला आणि भंडारा शहरात पाणी शिरले. वरून सोडलेल्या पाण्याची माहिती वेळेत मिळाली नाही, अशी तक्रार तेव्हा महाराष्ट्रात उघडपणे झाली. कन्हान आपल्या सौंसर तहसिलीतून वाहते. या वादात आपण वरचेही आहोत आणि मधलेही. म्हणून दोन्ही राज्यांना जाब विचारण्याचा हक्क आपल्यालाच सर्वांत अधिक आहे.

पाऊस मोजायचा कोठे?

नुकसानीचा प्रश्न शेवटी मोजणीवर येतो. महाराष्ट्रात ‘महावेध’ प्रकल्पाखाली महसूल मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी आहेत. आपल्याकडे रोजचा पाऊस प्रसिद्ध होतो तो तहसिलीचा. तहसिलीच्या ठिकाणी कोरडे आणि पंधरा किलोमीटरवरच्या गावात ढगफुटी, हे आपण दर वर्षी पाहतो. खात्याच्या हिशेबात २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे जोरदार पाऊस आणि २०४.५ च्या वर म्हणजे अत्यंत जोरदार पाऊस. पण ज्या शिवारात तो पडला तेथे मापकच नसेल तर आकडा आणायचा कोठून?

पीक विम्यात याला पैशाची किंमत आहे. पंतप्रधान पीक विमा योजनेत स्थानिक आपत्तीची सूचना ७२ तासांत द्यावी लागते. कापून शेतात पसरलेल्या पिकाला १४ दिवसांपर्यंत चक्रीवादळी व अवकाळी पावसापासून संरक्षण देण्याची तरतूदही केंद्राच्या नियमांत आहे. राज्याने ती जोखीम अधिसूचनेत घेतली असली पाहिजे. खरीप २०२० पासून कर्जदार शेतकऱ्यालाही विमा ऐच्छिक आहे. तरी हप्ता कापल्याची नोंद पासबुकात पाहून आपला विमा कशाकशाचा आहे, हे विचारणारे थोडे. नोकरीच्या निमित्ताने मी हे रोज पाहतो. पटवाऱ्याने ‘आरबीसी ६-४’ चा प्रस्ताव करायचा म्हटला किंवा विमा कंपनीपुढे दावा मांडायचा म्हटला, तरी गावचा पाऊस कागदावर असेल तर बोलण्याला वजन येते.

आपण काय मागावे

या विषयात घोषणा नकोत, निवेदन हवे. माझ्या मते मंडळाने तीन मागण्या लेखी मांडाव्यात.

पहिली, नागपूरच्या प्रादेशिक केंद्राने पांढुर्णा, सौंसर, नरखेड, काटोल व वरूड या सलग संत्रा-कापूस पट्ट्यासाठी आठवड्यातून दोनदा एकच पत्रक मराठी व हिंदीत काढावे. ऑगस्ट ते डिसेंबर या काळात उपसागरातील स्थितीचा उल्लेख त्यात अवश्य असावा.

दुसरी, तहसिलीला एक नव्हे, ग्रामपंचायतीला एक पर्जन्यमापक मिळावा आणि त्याचा आकडा रोज पंचायतीच्या फळ्यावर लिहिला जावा. केंद्राच्या ‘विंड्स’ योजनेत ग्रामपंचायतीपर्यंत स्वयंचलित पर्जन्यमापक अपेक्षित आहेतच. आपला जिल्हा नवा आहे, तर त्याची सुरुवात आपल्याकडून का होऊ नये?

तिसरी, पावसाळ्यात पांढुर्णा, छिंदवाडा, बैतूल, नागपूर आणि अमरावती या पाच जिल्ह्यांच्या प्रशासनांनी पाऊस आणि धरणांतील विसर्ग यांची माहिती थेट एकमेकांना द्यावी आणि तीच नदीकाठच्या गावांनाही द्यावी.

आपल्या मतांसाठी दोन्ही बाजूंचे पुढारी आपल्या दारी येतात, मराठीत नमस्कार करतात आणि पोळा-गोटमारीला हजर राहतात. पुढच्या वेळी सत्कार करण्याआधी त्यांच्या हातात हे निवेदन द्यावे आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वी उत्तर मागावे. उपसागरात हवेचा दाब कमी झाला, की तीन-चार दिवसांनी आपल्या बागेवर पाऊस येतो. तेवढ्या दिवसांत ती बातमी दिल्लीहून आपल्या बांधावर पोचणे अवघड नाही. मागणारे मात्र आपणच असलो पाहिजे.