मज्जारज्जूवरील दुसरा घात

झाडावरून पडून पाठीचा कणा मोडला, म्हणजे जें व्हावयाचें तें त्याच क्षणीं होऊन चुकलें, असा आपला समज असतो. तो अर्धाच खरा. १९११ सालीं अमेरिकेंतील डॉ. आल्फ्रेड ॲलन यांनीं कुत्र्यांच्या मज्जारज्जूवर वजन पाडून पाहिलें. आंत सांचलेलें रक्त छेद देऊन काढून टाकतांच त्यांची स्थिति सुधारली. मुक्या जनावरांचा असा छळ आम्हांस रुचत नाहीं. पण ज्ञान मोलाचें.

आघातानें प्रथम फुटतात त्या रज्जूच्या मध्यभागांतील, करड्या द्रव्याच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या. रक्तस्राव तेथून भोंवतालच्या शुभ्र तंतूंकडे पसरतो, सूज चढते, आणि शाबूत राहिलेल्या वाहिन्याही आकसतात किंवा गुठळ्यांनीं बुजतात. मग मूळ आघातांतून वांचलेल्या पेशी प्राणवायूवांचून तासामागून तास मरत जातात. त्यांत रक्तदाब उतरला तर हानि अधिकच. म्हणूनच सरासरी रक्तदाब पहिले सात दिवस पाऱ्याच्या ८५ ते ९० मिलिमीटरांवर राखावा, अशी शिफारस अमेरिकन शल्यवैद्यांनीं २०१३ सालीं केली.

आपल्याकडे मात्र पडलेल्यास चौघे हातपाय धरून उचलतात, बसवितात आणि पाणी पाजतात! मोडका मणका अशानें सरकला, तर धड राहिलेल्या वाहिन्याही चेंगरावयाच्या. मदत येईतों त्यास जागचा हलवूं नये. मान तर मुळींच वळवूं नये.