फेसाचे निदान

शनिवारची संध्याकाळ. गॅरेजमध्ये मित्रमंडळी जमलेली. यजमानाने महिनाभर खपून बनवलेल्या बिअरच्या केगची तोटी उघडली आणि ग्लासात तीन चतुर्थांश फेस आला. दुसऱ्या ग्लासातही तेच. कुणीतरी म्हणाले, दाब कमी पडतोय. यजमानाने रेग्युलेटर पिळला. फेस आणखी वाढला. मग दुसऱ्याने सल्ला दिला, दाब उतरव. तोही उतरवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा फेसच.

अमेरिकेतल्या घरोघरच्या गॅरेजमध्ये हा प्रसंग नेहमीचा आहे. ऑक्टोबर १९७८ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरच्या वापरापुरती बिअर बनवणे तिथे करमुक्त झाले. दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटरची मुभा मिळाली. बाटल्या धुऊन भरण्याचा कंटाळा आला की हे छांदिष्ट केगकडे वळतात. शीतपेयांचा पाक पुरवण्यासाठी बनलेले सुमारे १९ लिटरचे उंच स्टीलचे पिंप, शेजारी कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर, मध्ये रेग्युलेटर, आणि हा सगळा संसार एखाद्या जुन्या फ्रिजमध्ये.

यजमानाची चूक रोजच्या बाह्यरुग्ण विभागात दिसते तीच आहे. ताप आला की तापाची गोळी, खोकला आला की खोकल्याचे औषध. लक्षणावर उपाय झाला, कारण तसेच राहिले. फेस हेही लक्षणच आहे. त्याची कारणे निदान चार आहेत आणि ती ठरावीक क्रमाने तपासली तर बहुतेक वेळा दाबाच्या चावीला हात लावावाच लागत नाही.

पहिली तपासणी तापमानाची. द्रव जितका थंड, तितका त्यात वायू जास्त विरघळतो. आणि वरचा दाब जितका जास्त, तितकाही जास्त विरघळतो. दाबाचा हा नियम १८०३ साली मँचेस्टरच्या विल्यम हेन्री यांनी मांडला. हेही पुढे वैद्यकाचे पदवीधर झाले. ३ ते ४ अंश सेल्सिअसला १० ते १२ पीएसआय दाब ठेवला, तर बिअरमध्ये तिच्या आकारमानाच्या सुमारे अडीच पट वायू विरघळून राहतो. तेवढाच वायू १५ अंशांना धरून ठेवायचा तर दुपटीहून अधिक दाब लागतो. केग थंड आहे पण तोटी आणि नळी फ्रिजबाहेर तापलेली आहे, अशा वेळी बिअर नळीत शिरताच वायू सुटतो आणि पहिला ग्लास फेसाचा येतो. पहिला ग्लास फेसाळ आणि पुढचे चांगले, एवढ्या एका निरीक्षणावरून हे निदान होते. उपाय म्हणजे नळी फ्रिजच्या आत ठेवणे किंवा तोटीपर्यंत गार हवा पोचवणे.

दुसरी तपासणी नळीच्या लांबीची. केगमधला दाब तोटीपर्यंत पोचेतो नळीच्या घर्षणात हळूहळू खर्ची पडायला हवा. त्यासाठी साधारण ५ मिलिमीटर पोकळीची अडीच-तीन मीटर नळी बहुतेकांना पुरते. नीटनेटके दिसावे म्हणून ती कापून हातभर केली, तर बिअर तोटीतून उसळतच बाहेर येते. उलट दाब फार उतरवला, तर विरघळलेला वायू नळीतच बुडबुड्यांच्या रूपाने सुटतो. म्हणून पार्टीतले दोन्ही सल्ले चुकीचे ठरले.

तिसरी तपासणी स्वच्छतेची. न धुतलेल्या नळीत आणि तोटीत जंतूंचा बुळबुळीत थर बसतो, शिवाय कॅल्शियम ऑक्झलेटचा खडबडीत थर साचतो. मूतखड्यात सर्वाधिक आढळणारा पदार्थ तो हाच. अशा खरखरीत पृष्ठभागावर बुडबुडे भराभर धरतात. बिअरला आंबट किंवा लोण्यासारखा वास येऊ लागला, तर निदान पक्के. आम्लता, अल्कोहोल आणि हॉप्स यांमुळे रोगजंतू बिअरमध्ये सहसा तग धरत नाहीत. त्यामुळे बिघडलेली बिअर बेचव असते, पण आजारी पाडतेच असे नाही. धोका असतो तो धुण्याच्या द्रावणाचा. त्यात बहुधा कॉस्टिक सोडा असतो. नळीत राहिलेला असा घोट घसा आणि अन्ननलिका भाजून काढतो, आणि भाजलेली अन्ननलिका आकसली तर माणसाला वर्षानुवर्षे गिळायला त्रास होतो. म्हणून धुतल्यावर नळीतून भरपूर साधे पाणी सोडणे आणि ते द्रावण पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत कधीही न ठेवणे, हे नियम घरात मुले असोत वा नसोत, पाळलेच पाहिजेत.

चौथी तपासणी गळतीची, आणि इथे प्रश्न बिअरच्या चवीचा उरत नाही. तोटीतून काहीच येत नाही, बिअर मिळमिळीत झाली, की लोक समजतात गॅस संपला. सिलिंडर बदलतात आणि मोकळे होतात. तो गॅस गेला कुठे, हे फारसे कुणी विचारत नाही. सिलिंडरचा काटाही फसवा असतो. आत वायू द्रवरूपात असतो, त्यामुळे द्रवाचा शेवटचा थेंब संपेपर्यंत काटा जवळजवळ हलत नाही. शस्त्रक्रियागृहातल्या नायट्रस ऑक्साइडच्या सिलिंडरचेही असेच असते. किती शिल्लक आहे हे वजन करूनच कळते. गळती शोधायची तर प्रत्येक जोडावर आणि झाकणाच्या रबरी कड्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत.

एक साधा हिशेब करून पाहावा. घरगुती सिलिंडरमध्ये ५ पौंड, म्हणजे सव्वादोन किलो वायू असतो. तो मोकळा झाला की सुमारे १,२०० लिटर होतो. दहा फूट लांब, रुंद आणि उंच अशा बंद खोलीत तो सगळा सुटला, तर हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर जाते. मोकळ्या हवेत हे प्रमाण ०.०४ टक्के असते, आणि चार टक्के ही पातळी अमेरिकेतील कामगार-आरोग्य यंत्रणा जिवाला तात्काळ धोकादायक मानते. हा वायू हवेच्या दीडपट जड असल्याने आधी जमिनीलगत साचतो. तो फक्त ऑक्सिजनची जागा घेतो असे नाही, तो स्वतःही विषारी आहे. आधी डोके दुखते, धाप लागते, गोंधळल्यासारखे होते. प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास गेले तर काही मिनिटांत शुद्ध हरपते. २०११ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या एका उपाहारगृहात शीतपेयाच्या यंत्राकडे जाणाऱ्या नळीतून हा वायू गळला आणि स्वच्छतागृहात गेलेल्या एका वृद्ध महिलेचा जीव गेला. २०१२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या एका बिअर कारखान्यात साफसफाई सुरू असताना हवेच्या दाबाने प्लास्टिकचे केग फुटले आणि एक तरुण कामगार दगावला.

महाराष्ट्रात दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय घरी बिअर बनवता येत नाही, त्यामुळे हा छंद इथला नाही. तो परदेशी गेलेल्या आपल्याच मुलाबाळांच्या गॅरेजमध्ये असू शकतो. वायू मात्र इथे ओळखीचा आहे. धान्याच्या किंवा हळदीच्या पेवात एकदम उतरू नये, आधी ते उघडे ठेवावे आणि दिवा सोडून पाहावा, ही जुनी शिकवण याच वायूमुळे पडली. तीत एक भर घालायला हवी: दिवा तेवत राहिला म्हणजे जागा सुरक्षित, असे नाही. माणसाला अपाय करणाऱ्या प्रमाणातही ज्योत तेवत राहू शकते. आणि आत कोसळलेल्याला काढायला धावलेला माणूसही तिथेच कोसळतो.

बिअर आरोग्याला हितकारक नाही. मद्य कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच नोंदवले. पण जो छंद कायदेशीर आहे आणि लोक करणारच आहेत, त्यात पिण्याच्या प्रमाणाचा उपदेश करून थांबणे अपुरे आहे. केगच्या संचासोबत भिंतीवरचा कार्बन डायऑक्साइड सूचक सक्तीने विकला जावा. घरातल्या धूरसूचकाला किंवा कार्बन मोनॉक्साइडच्या सूचकाला हा वायू कळत नाही. सिलिंडर उभे, साखळीने बांधलेले असावे. शक्य तर ते हवेशीर जागी असावे. तळघरात आणि झोपायच्या खोलीत तर नकोच. केगचे झाकण उघडण्याआधी दाब सोडावा, आणि सुरक्षा झडप गळते म्हणून ती कधीही बुजवू नये.

आणि गॅरेजमध्ये शिरताच डोके जड झाले, श्वास जोरात होऊ लागला, तर फेसाचा शोध तिथेच सोडावा. दार उघडे टाकून आधी सगळ्यांनी बाहेर यावे. आत कुणी पडले असेल तर धावत आत जाऊ नये, अग्निशमन दलाला बोलवावे.