डावा कालवा कुणाच्या डावीकडे?

मुलांनो, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या संगमनेर तालुक्यात ओझरचा बंधारा आहे. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं. तिथून सुटलेलं प्रवरेचं पाणी ओझरला अडवून दोन कालव्यांत सोडतात. एक डावा कालवा, एक उजवा. आता सांगा पाहू, डावा म्हणजे कुणाच्या डाव्या हाताचा?

नदीच्या! पाणी वाहतं तिकडे नदीचं तोंड, असं ठरलेलं आहे. प्रवरा वाहते पूर्वेला. म्हणून डावा कालवा उत्तरेकडून श्रीरामपूरकडे जातो आणि उजवा दक्षिणेकडून राहुरीकडे. तुम्ही धरणाकडे तोंड करून उभे राहिलात, तर डावा कालवा तुमच्या उजव्या हाताला येईल. पण त्याचं नाव काही बदलणार नाही.

एस.टी.चंही तसंच. तिला स्वतःचं तोंड आहे. ‘एस.टी.च्या मागे सायकल आहे’ म्हटलं, की कुठूनही पाहा, जागा तीच.

पण झाडाला ना तोंड, ना पाठ! ‘चेंडू झाडामागे आहे’ म्हणजे आपल्याला न दिसणाऱ्या बाजूला. पलीकडे उभ्या असलेल्या मित्राला तोच चेंडू झाडापुढे दिसतो. गंमत म्हणजे, आफ्रिकेतल्या हौसा भाषेत अशा लपलेल्या चेंडूला झाडाच्या ‘पुढे’ म्हणण्याची पद्धत आहे. आपलं तोंड जिकडे, तिकडेच झाडाचंही, असं ते धरतात. चूक कुणाचीच नाही. फक्त तोंड कुठं मानायचं, एवढाच फरक.

खेळात असा घोटाळा झाला तर हसून सोडून देता येतं. शेतजमिनीत झाला तर? बांधावरून भावाभावांत भांडणं होतात, कोर्टात खेपा घालाव्या लागतात. म्हणून खरेदीखतात जमिनीची चतुःसीमा लिहितात: पूर्वेस अमक्याचं शेत, दक्षिणेस ओढा, पश्चिमेस रस्ता, उत्तरेस तमक्याची विहीर. तिथं ‘डावीकडे’ चालत नाही. माणूस वळला की त्याची डावी बाजूही वळते. पूर्व मात्र जागची हलत नाही. खेड्यातली म्हातारी माणसं ‘उगवतीला’, ‘मावळतीला’ म्हणतात, त्यातही हाच शहाणपणा आहे.

आता एक करून पाहा. तुम्ही अंगणात घराकडे तोंड करून उभे राहा, ताईला दारात तुमच्याकडे तोंड करून उभं करा. अंगणातल्या पाच वस्तू कुठं आहेत ते दोघांनी लिहा. आधी डावी-उजवी वापरून, मग दिशा वापरून. कागद शेजारी ठेवा. कुठली यादी जुळली?