आलेल्या हातांचा मुलूख

गोंदिया जिल्ह्याची थोरवी सांगताना नवेगावबांधाचा तलाव आणि वैनगंगेच्या खोऱ्यातील धानाच्या बांध्या यांचा उल्लेख आपण अभिमानाने करतो; परंतु तो तलाव बांधणारे कोहळी परंपरेने काशीकडचे आणि ती जमीन लागवडीस आणणारे पोवार माळव्याकडचे, म्हणजे दोघेही परमुलखातून आलेले, याचे स्मरण मात्र क्वचितच ठेवतो.

तीच परंपरा विसाव्या शतकातही खंडित झाली नाही. पूर्व पाकिस्तानातून निर्वासित झालेली बंगाली कुटुंबे अर्जुनी मोरगाव तालुक्यात अरुणनगरसारख्या वसाहतींत स्थिरावली. आणि 1959 नंतर मायभूमीला पारख्या झालेल्या तिबेटी लोकांसाठी त्याच तालुक्यात, गोठणगाव-प्रतापगडाच्या परिसरात, 1972 साली नोर्ग्येलिंग ही वसाहत उभी राहिली, तेव्हा हा मुलूख भंडारा जिल्ह्यात मोडत होता. ज्यांच्या वाडवडिलांनी थंड पठारावर सातू पेरला आणि याक पाळले, त्या माणसांनी विदर्भाचा वैशाख सोसत रान साफ केले आणि गुडघाभर चिखलात वाकून धानाची रोवणी आत्मसात केली. नुसत्या शेतीवर भागेना, तेव्हा हिवाळ्यात स्वेटरांचे गठ्ठे घेऊन शहरोशहरी दुकाने मांडली. आज त्यांच्या वस्तीवर फडफडणाऱ्या मंत्रांकित पताका आणि शेजारच्या बांधीत डोलणारे धान एकाच दृष्टिक्षेपात येतात, तेव्हा ही वस्ती या मातीला परकी आहे, असे म्हणण्यास जीभ रेटत नाही.

आपल्याच गावांतील तरुण रोजगारासाठी नागपूर-हैदराबादेची वाट धरतात आणि ऐन रोवणीत मजुरांची वाण पडते, अशा काळात आश्रयास आलेल्या कष्टाळू कुटुंबांना ठाव देणे ही केवळ दयाबुद्धीची बाब नसून मुलुखाच्या हिताची बाब आहे, असे माझे ठाम मत आहे. मात्र जमीन दिली म्हणजे कर्तव्य संपले, हा समज घातक होय. 1987 च्या जुलैपूर्वी भारतात जन्मलेली तिबेटी व्यक्ती जन्मानेच नागरिक ठरते. त्यानंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत आईबापांचे नागरिकत्व पाहिले जाते, आणि ज्यांना ते लाभत नाही, त्यांचा रहिवास नोंदणीच्या दाखल्यावर व त्याच्या नूतनीकरणावर अवलंबून राहतो. ज्याचा पाय असा अधांतरी, तो तरुण येथे विहीर खोदील की परदेशाची वाट पाहील?

केंद्र सरकारच्या 2014 च्या तिबेटी पुनर्वसन धोरणात जमिनीचे भाडेपट्टे आणि शासकीय योजनांचा लाभ यांची तरतूद आहे. ती कागदावर न राहता तहसीलच्या दप्तरातून वसाहतीच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचावी. बंगाली वसाहतींतील जमिनींच्या हक्काचे जे प्रश्न रेंगाळले असतील, तेही निकाली निघावेत. ज्यांनी रानाची बांधी केली, त्यांच्या नातवंडांना येथेच राहावेसे वाटेल इतकी निश्चिती देणे, हे त्यांच्यावरील उपकार नव्हेत. तो या जिल्ह्याने आपल्याच भवितव्याचा केलेला बंदोबस्त ठरेल.