त्यांचे नाटक आणि आमचे सोवळे

अमेरिकेला जाऊन आलेल्या माणसाने दिवाळी अंकात नायगाऱ्याच्या धबधब्यावर लिहावे, असा एक अलिखित दंडक आहे. मी नायगारा पाहिला. पाणी पुष्कळ आहे. आता मला जे भांडण भांडायचे आहे त्याकडे वळतो.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत धाकट्या बहिणीकडे न्यू जर्सीला महिनाभर होतो. तिच्या गावातल्या हौशी मंडळींनी आर्थर मिलरचे ‘डेथ ऑफ अ सेल्समन’ बसवले होते. चर्चमागचे सभागृह, घडीच्या खुर्च्या, मध्यंतरात विकायला घरी केलेले केक. दाराशी ज्यांनी आमची तिकिटे फाडली त्याच बाई थोड्या वेळाने नायकाची बायको लिंडा होऊन समोर आल्या! नायक विली लोमनचे काम करणारे गृहस्थ जन्मभर मोटारी विकून निवृत्त झालेले. दोन ठिकाणी ते अडखळले आणि प्रॉम्प्टरचा आवाज तिसऱ्या रांगेत आम्हाला ऐकू आला. तरीही नाटक संपल्यावर कितीतरी वेळ कोणाला टाळी वाजवायचे भान नव्हते.

पुढच्या रविवारी बहिणीकडे दहा-बारा मराठी मंडळी जेवायला आली. नाटकाचा विषय निघताच एक जुने रसिक म्हणाले, “मी १९८४ साली ब्रॉडवेवर डस्टिन हॉफमनचा विली पाहिलाय. असल्या नाटकाला हौशांनी हातच लावू नये.” दुसरे एक सद्‍गृहस्थ श्रीखंडाची वाटी पुढे करीत म्हणाले, “नाटक उत्तम, पण त्यांचे. आपल्याकडे बाप असा वाऱ्यावर पडत नाही. आपली कुटुंबसंस्था अजून शाबूत आहे.” यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पाहुणा होतो, गप्प बसलो. आता मी पाहुणा नाही.

पहिल्या गृहस्थांचे आधी पाहू. १९४९ च्या फेब्रुवारीत हे नाटक न्यूयॉर्कला रंगभूमीवर आले आणि त्याच महिन्यात मिलरने ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहून बजावले, की शोकांतिका ही राजेरजवाड्यांची मिरास नव्हे; साधा माणूसही तिचा नायक व्हायला तितकाच लायक आहे. साध्या माणसाचे दुःख चालते, मग ते दाखवायला साधा माणूस का चालू नये? हॉफमन थोर नट खराच. पण पहिल्या प्रवेशात त्या मोटारवाल्या गृहस्थांनी हातातल्या दोन बॅगा खाली ठेवल्या आणि तळवे चोळले, ते तालमीत शिकवून येत नाही. आणि हौशांना इतके हिणवू नका. १९१६ साली मॅसॅच्युसेट्समधल्या प्रॉव्हिन्सटाउनच्या एका धक्क्यावरच्या जुन्या खोपटात हौशी मंडळींनीच युजीन ओनीलची पहिली एकांकिका केली. पुढे १९३६ सालचे नोबेल त्याला मिळाले.

नेपथ्याबद्दल मात्र मी अधिकाराने बोलतो. मी ड्रॉइंग मास्तर आहे, वीस वर्षे शाळेच्या गॅदरिंगचे पडदे रंगवतो आहे. मूळ प्रयोगात जो मिएलझायनर या नेपथ्यकाराने घराचा नुसता सांगाडा उभा केला होता. भिंतींतून आरपार दिसावे आणि भोवतीच्या उंच इमारतींनी ते घर दाबून टाकावे, असा. इथे पट्ट्यांना पट्ट्या ठोकून तेवढेच केले होते. पुरले.

आता दुसरे गृहस्थ. ज्यांनी नाटक पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो: विली त्रेसष्ट वर्षांचा फिरता विक्रेता. चौतीस वर्षे एका कंपनीसाठी गावोगाव हिंडला. आता पगार बंद, नुसते कमिशन. तो घरी सांगत नाही. शेजारी चार्लीकडून दर आठवड्याला पन्नास डॉलर उसने आणतो आणि कमाई म्हणून बायकोपुढे ठेवतो. बायकोला सारे ठाऊक असते. ती बोलत नाही. शेवटी विम्याचे वीस हजार मुलाला मिळावेत म्हणून तो गाडी घेऊन मरायला निघतो. घराचा शेवटचा हप्ता फिटतो तो त्याला पुरल्याच्या दिवशी.

हे ‘त्यांचे’? गंमत अशी, की त्यांनाही ते आपले वाटत नव्हते. १९५१ साली यावर चित्रपट निघाला तेव्हा कंपनी इतकी धास्तावली की विक्रेत्याचा पेशा किती सुखाचा आहे हे सांगणारा एक छोटा बोलपट तिने जोडीला करून घेतला. मिलरने हरकत घेतली. आणि १९८३ साली तो स्वतः बीजिंगला गेला, तिथल्या नटांना घेऊन चिनी भाषेत हे नाटक बसवले. यिंग रुओचेंग यांनी भाषांतर केले, विलीही तेच झाले. फिरता विक्रेता आणि आयुर्विमा या दोन्ही गोष्टी तेव्हा चिनी प्रेक्षकाला परक्या. पण बाप आणि मुलगा परके नव्हते. प्रयोग गाजला. चीनमध्ये कुटुंबसंस्था नव्हती की काय?

अहो, शाबूत कुटुंबसंस्थेचे सांगता? आमचे बाबा सोलापुरात औषधांच्या एका कंपनीचे फिरते विक्रेते होते. सकाळच्या एसटीने बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट करायचे आणि रात्री परत यायचे. १९९४ साली कंपनीने त्यांना काढले. त्या वर्षी मी दहावी, म्हणजे जुन्या भाषेत मॅट्रिक झालो आणि तिथेच थांबलो. घरात आम्ही सांगतो, बाबांनी आपणहून नोकरी सोडली. खरे असे, की पुढचे तीन महिने ते रोज डबा घेऊन बाहेर पडत होते. एका मामांना गाडीत बसवायला मी स्टँडवर गेलो, तर भर दुपारी कोपऱ्यातल्या बाकावर बाबा, पायाशी दोन्ही बॅगा, मांडीवर वर्तमानपत्र. मी खांबाआड झालो. त्यानंतर ते सतरा वर्षे जगले. त्यांनी विषय काढला नाही, मीही नाही. आई हा अंक वाचणार आहे, हे मला ठाऊक आहे.

त्या रविवारी पाने उचलल्यावर बहीण भांडी विसळत होती. मागे न पाहता म्हणाली, “दादा, बाबांच्या बॅगा अजून माळ्यावर आहेत?”

मी चमकलो. तेव्हा ती नऊ वर्षांची होती.

“आहेत. तुला कोणी सांगितले?”

“कोणी नाही. रोज रात्री बूट पुसायचे काम माझ्याकडे होते. ते तीन महिने बुटांना धूळच नव्हती.”